सहावा बिंदू

सर, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी आज आठवीच्या वर्गात फळ्यावर वर्तुळ काढताना मला तुमचाच राग आला.

आपल्या पाथर्डीकडच्या त्या शाळेत कंपासपेटी एखाद्याकडेच असायची, म्हणून तुम्ही भूमिती मैदानात शिकवायचात. मधोमध खुंटी, तिला सुतळी, सुतळीच्या टोकाला खिळा. आम्ही गोल फिरून मातीत वर्तुळ ओढायचो. पुस्तकात भूमिती शेवटी असली तरी तुम्ही ती दिवाळीआधीच उरकायचात, कारण दिवाळीनंतर निम्मा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला जायचा. एके दिवशी वर्तुळावर दोन बिंदू घेऊन जोडले, आतले दोन भाग झाले. मग दर नवा बिंदू आधीच्या सगळ्यांना जोडत गेलो. तीन बिंदूंचे चार, चारांचे आठ, पाचांचे सोळा. सहावा बिंदू, तीन रेघा एकाच जागी मिळू नयेत म्हणून, तुम्ही जरा बाजूला सरकवून घेतलात आणि रेघा ओढायच्या आतच मी ओरडले, बत्तीस! तुम्ही भडकलात. "न मोजता बोलू नको. आजवर दुप्पट झालं म्हणून म्होरं बी व्हईल, हे तुला कुणी सांगितलं?" उन्हात बसून मी मोजलं. एकतीस. पुन्हा मोजलं, एकतीसच. मला रडूच कोसळलं, आणि तुम्ही मात्र हसत होतात.

आमच्या घरातही असाच एक आकृतिबंध चालत आला होता. ऊसतोडीत मुकादम जोडीलाच काम देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. म्हणून आजी, आई, मावशी, ताई, सगळ्यांची लग्नं शाळकरी वयात. ताईनंतर मी. तुम्ही आमच्या ओट्यावर येऊन बसलात आणि बापाला म्हणालात, "हिला माझ्या घरी ठिवा. तुमी जाऊन या." काकूंच्या चुलीपाशी भाकरी खात मी त्या हंगामात प्रमेयं पाठ केली. पुढे मी शाळेत बाई म्हणून लागले तेव्हा ती खुंटी आणि सुतळी तुम्ही मला देऊन टाकलीत. तेवढं पुरतं, यावर मी जन्मभर विश्वास ठेवला.

गेल्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगी होती. तीही बत्तीस म्हणाली. मी तुमच्याच शब्दांत तिला झापलं, तिनं मोजलं आणि ती रडली नाही, खुदकन हसली. "बाई, म्हंजी मोडतंय की!" मी म्हणाले, "व्हय, मोडतं." त्यानंतर दिवाळीच्या तोंडावर तिचं लग्न ठरल्याचं कानावर आलं. मी तुमच्यासारखीच त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. माझ्या घरी ठेवा म्हणाले. तिचा बाप शांतपणे म्हणाला, "बाई, तुमचं बरं झालं. पर आमची तरणी पोर आमी कुणाच्या भरवशावर ठिवायची? आन् यंदा हिच्या आईच्यानं ऊस तोडाय वाकवत न्हाई, एक कोयता कमी पडतोय." मी बालविवाहाची तक्रार केली, तर लग्न तिकडे साखर कारखान्याजवळ तोडकऱ्यांच्या तळावरच उरकलं. चौकशीला माणूस आला तेव्हा घराला कुलूप होतं. वरातीमागून घोडं.

हंगाम संपून माणसं परतली, तेव्हा गुढीपाडव्यानंतर ती मला एसटी स्टँडवर भेटली. गळ्यात काळी पोत, तळहाताला घट्टे. तीच हळूच म्हणाली, "बाई, माझं बत्तीसच आलं." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. उत्तर तपासायला वही पुढे करावी तसं ती म्हणाली. नवऱ्यानं हाक मारली आणि ती गाडीत चढली.

सर, तुम्ही मला एकतीस दाखवलंत तेव्हा मागे तुमचं घर होतं, काकू होत्या, बापाचा तुमच्यावर विश्वास होता. ते तुम्ही शिकवलं नाहीत. नुसती सुतळी दिलीत.

आज फळ्यावर पाच बिंदू झाले, सोळा भाग झाले. मुली पुढचं उत्तर ओरडायला टपलेल्या. पुढचं उद्या, म्हणाले आणि फळा पुसला. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. तास संपायला अजून बराच वेळ होता.