जॉइसच्या पणजोबांचं थडगं

रविवार संध्याकाळ, वॉलॉंगॉंग

सॉक्समध्ये अजून गवताची कुसळं टोचतायत, पण आधी हे लिहून काढते.

शेजारच्या जॉइसला आज तिचे पणजोबा सापडले! आठ महिने आम्ही दोघी चर्चची जुनी रजिस्टरं चाळत होतो. त्यात एका शेतावरच्या थडग्यांची नोंद मिळाली, म्हणून आज तीन तास ड्राइव्ह करून त्या शेतावर गेलो. थडगी बघायला येऊ का, एवढंच मालकाला आधी फोनवर विचारलं होतं, तो "नो वरीज" एवढंच म्हणाला होता. माळावर मोडक्या कुंपणात चार थडगी होती. तिसऱ्यावर नाव दिसलं आणि जॉइस मटकन गवतात बसली.

पण तिथे जॅमच्या बाटलीत फुलं होती. चक्क ताजी फुलं! जॉइसचं तर जगात कुणीच नाही. मग ही ठेवली कुणी?

तेवढ्यात शेताचा मालक कॉलिन काठी टेकत आला. मी त्याला फुलांचं विचारलं.

"मीच ठेवतो, दर रविवारी. माझे पणजोबा आहेत ते."

"माझेही," जॉइस म्हणाली.

म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "तुझं नाक अगदी माझ्या आईसारखं आहे गं!" दोघं रडता रडता हसायला लागले. मीसुद्धा.

घरी आल्यावर जॉइसने गुडघ्याच्या ऑपरेशनचा फॉर्म काढला. 'जवळचे नातेवाईक' या रकान्यात तिने माझं नाव लिहिलेलं. आता ते खोडणार, या विचाराने मी उगाच हिरमुसले. वेडीच मी! तिने माझ्या नावाखाली कॉलिनचं नाव लिहिलं आणि ऐटीत म्हणाली, "बघ, आता इथे जागाच उरली नाही."