मागच्या पायरीवरचा आवाज

प्रिय गॅरेट,

भोपळे मिळाले. पुढच्या दारात ठेवून, दार न वाजवताच गेलास, ते बरं केलंस.

गावात ढोलवाल्याचा महिना सुरू झाला. बेकरीत ढोलाच्या आकाराची बिस्किटं, आगीच्या बंबावर त्याचं चित्र, शाळेच्या संघाच्या सदऱ्यांवरही तोच. लढाईत दोन्ही हात गमावलेल्या त्या सैनिकाचं भूत अडीचशे वर्षं ढोल वाजवतं आहे आणि त्याच्यावर अख्खं गाव जेवतं. माझी तक्रार नाही. माझ्या ऑरव्हिलनंही वीस वर्षं मिरवणुकीत त्याचं सोंग घेतलं, बाह्यांत हात लपवून. "हात नाहीत, मग बिअर कशी ढोसतोस रे?" असं तूच ओरडायचास.

पण पाहुण्यांना गावातल्या भुतांच्या जागा दाखवायच्या फेरीचा नियमही नव्या वाटाड्यांना तूच शिकवायचास. ज्याचं घरचं माणूस अजून गावात पाव विकत घेतं, त्याचं भूत करायचं नाही.

फेब्रुवारीत ऑरव्हिलला पुरल्यानंतर मी फक्त तुला सांगितलं, की दुपारी चारला मागच्या पायरीवर त्यानं बुटांचा चिखल खरवडल्याचा आवाज येतो. तू चमचा खाली ठेवलास. म्हणालास, "ताई, आत्ता मलाही आला." त्या एका वाक्यावर मी उन्हाळा काढला. मी वेडी नव्हते, आणि तो येत होता.

मंगळवारी चारला आवाज आला. पिठाच्या हातांनी मी दार उघडलं. अंगणात वीसेक माणसं. नारिंगी टोपीवाली एक बाई पायरीजवळच्या लोखंडी पट्टीवर बूट घासत होती, नवरा फोटो काढत होता. "अगंबाई, विधवासुद्धा ठेवली आहे! हुबेहूब हं!" सगळे हसले. मागे भर दुपारी कंदील धरून तू उभा होतास. माझ्याकडे न बघता म्हणालास, "चला मंडळी, पुढे दफनभूमी."

पायरी फेरीतून काढ, असं सांगायला हे पत्र नाही. ती पट्टी मीच उखडून टाकली. काल चारला दाराजवळ खुर्ची ओढून बसले. काहीच आलं नाही. मला एवढंच कळव, चमचा खाली ठेवलास त्या दिवशी तुला खरंच ऐकू आलं होतं का? नसेल, तर नाही असं लिही. पाहुण्यांना सांगतोस तसं मला सांगू नकोस.

तरीही तुझीच बहीण,
विल्मा