पुसलेली खूण

स्लिव्हेन,
९ ऑक्टोबर

प्रिय नेदा,

हे पाकीट हातात आल्यावर तू मित्कोला म्हणशील, "हिला वेड लागलंय. एकाच गावात राहून पत्रं कसली लिहिते?" खरं आहे. पण मी चालत येऊन बघितलं, नेदे. शनिवारी बाजारात तुझ्या टेबलापासून चार हातांवर आले होते. तू पीचच्या बरण्या मांडून एका म्हातारीशी हुज्जत घालत होतीस, "घरी करून बघा ना आजी, मग कळेल साखरेचा भाव!" तुझा आवाज अजून तस्साच आहे, टेनिस कोर्टाच्या पलीकडच्या टोकाला पोचणारा. मी लाल मिरच्यांच्या ढिगाआड उभी राहिले आणि तशीच घरी आले. आई म्हणाली, "बाजारात जाऊन हात हलवत कोण परत येतं गं?"

आई बरी आहे. सध्या गल्लीभर भाजक्या मिरच्यांचा धूर कोंडलाय. आईने ल्युतेनित्साच्या चटणीचं पातेलं अंगणात मांडलंय आणि मला साली काढायला बसवते. "एवढी जगभर हिंडलीस, एक मिरची धड सोलता येत नाही!" तिला तसं वाईट वाटत नाही, उलट बरंच वाटत असावं. माझा गुडघाही बरा आहे. जिना उतरताना कुरकुरतो, पण बरा आहे. थोडे दिवस राहायला आलेय.

तुझं कसं चाललंय? हे नुसतं लिहायचं म्हणून विचारत नाही, मला खरंच कळून घ्यायचंय. तू सकाळी किती वाजता उठतेस? पीचची झाडं छाटायची तेव्हा कुठली फांदी ठेवायची आणि कुठली काढायची हे तुला बघताक्षणी कळतं का? मित्को घोरतो का? तुझ्या घरात रॅकेट आहे का, निदान माळ्यावर तरी? ज्या मुलीबरोबर मी लहानपणी रोज घामाघूम होत होते, तिच्याबद्दल मला आज काहीही माहीत नाही, याचं मलाच नवल वाटतं.

माझ्याबद्दल तुला पेपरांतून कळत असेलच, पण पेपरवाले फक्त मी जिंकले की छापतात, म्हणजे तुला फारसं काही कळलं नसणार. बहुतेक वर्षं मी पात्रता फेऱ्यांतच खेळले. बाहेरच्या कोर्टावर, शेजारी कुणीतरी आईस्क्रीम खातंय, समोर एखादी सोळा वर्षांची पोरगी, जिला हरायचं कसं हेच माहीत नाही. दोन-तीन वर्षं बरी गेली. तेव्हा मोठ्या कोर्टावरही खेळले. एकदा तर इतकी गर्दी होती की सर्व्हिसच्या आधी सगळे गप्प झाले आणि मला माझ्याच श्वासाची भीती वाटली. मग गुडघा, मग परत बाहेरची कोर्टं.

पण या धंद्यात माझी खरी ओळख वेगळीच आहे, आणि ती ऐकून तू हसशील. "पंचाला खुर्चीवरून उतरवणारी बाई" म्हणतात मला. लाल मातीच्या कोर्टावर चेंडू रेघेजवळ पडला की मी हात वर करते: उतरा, चेंडूची खूण बघा. दरवेळी. चेंडू हातभर बाहेर असला तरी. मग पंच धापा टाकत खाली येतो, वाकून मातीत बघतो, बोट दाखवतो आणि परत वर चढतो. एकदा परदेशात एका नव्या पंचाने विचारलं, "खूण बघू का?" मी आपल्याकडे होकाराला हलवतात तशी मान आडवी हलवली, त्याला ते 'नाही' वाटलं आणि तो बापडा अर्ध्यावर उतरलेला परत वर जाऊन बसला! लोक पोट धरून हसले. पत्रकारांनी मला कितीदा विचारलं, तुला पंचांवर एवढा अविश्वास का? मी काहीबाही सांगून वेळ मारून नेली.

खरं कारण तू आहेस.

तुला आठवतंय ना? आपली चौदा वर्षांखालची अंतिम मॅच, इथल्याच कोर्टावर. जिंकणाऱ्या एकीलाच सोफियाच्या शिबिरात घेणार होते. आपला तो स्लिव्हेनचा वारा सुटलेला. पंच नव्हते, पोरींच्या मॅचला कोण पंच देणार? ज्याच्या बाजूला चेंडू पडेल त्याने आत की बाहेर ते सांगायचं. तुझा मॅच पॉइंट होता. मी जीव खाऊन फोरहँड मारला, तो तुझ्या मागच्या कोपऱ्यात पडला. बाहेर असता तर तू सोफियाला गेली असतीस. तू खाली बघितलंस आणि बुटाने ती खूण झटकन पुसून टाकलीस. "आत," म्हणालीस. त्यानंतर तू एकही धड फटका मारला नाहीस आणि मी जिंकले.

मला तो चेंडू बाहेर दिसला होता. पलीकडून दिसतं ते काही खरं नसतं, वारा होता, डोळ्यांत माती होती, सगळं मान्य. पण मला तो बाहेर दिसला होता आणि तू खूण पुसलीस. एवढ्या घाईने का पुसलीस? माझे वडील तेव्हा कारखान्यातली नोकरी जाऊन घरी बसले होते, आमच्याकडे काय चाललं होतं हे तुला ठाऊक होतं. तू मला ती मॅच दिलीस का, नेदा?

आता हे का विचारतेय ते सांगते. क्लबवाल्यांनी मुलांच्या स्पर्धेच्या चषकाला माझं नाव द्यायचं ठरवलंय. संत दिमितरच्या दिवशी, सकाळी, त्याच कोर्टावर. मुलांना रांगेत उभं करणार आणि मी भाषण करायचं. काय सांगू मी त्यांना? मेहनत करा? माझ्या सगळ्याची सुरुवात जर तुझ्या बुटाने झाली असेल, तर चषकावर माझं नाव कशाला? तू "बाहेर होता" म्हणालीस तर मी क्लबला नाही कळवते. एवढंच आहे. मला राग येणार नाही, फक्त कळायला हवं.

आणखी एक. थोडे दिवस राहायला आलेय असं वर लिहिलं, ते खोटं आहे. मी खेळणं सोडलंय. आईला अजून सांगितलेलं नाही. रॅकेटांची पिशवी दारामागे तशीच बंद पडून आहे आणि ती रोज तिच्याभोवतीनं केर काढते, विचारत काही नाही.

उत्तर दे. एका शब्दाचं असलं तरी चालेल.

अजून पलीकडच्या बाजूला उभी असलेली,
झोर्नित्सा


बागेतून,
१४ ऑक्टोबर

झोरे,

तुझं पत्र टपालवाल्याने आमच्या कुत्र्याला भिऊन कुंपणावरून फेकलं आणि ते कोंबड्यांनी आधी वाचलं. एका कोपऱ्यावर त्यांचे पाय आहेत. मी दोनदा वाचलं, मग मित्कोने वाचलं, मग तो म्हणाला, "मी घोरतो हे तिला लिहू नकोस." घोरतो. ट्रॅक्टर बरा.

शनिवारी मी तुला बघितलं होतं. तुझ्याएवढी उंच बाई मिरच्यांच्या ढिगाआड लपते होय गं? डोकं आणि खांदे वर दिसत होते. मला वाटलं, येईल आता, म्हणून त्या म्हातारीशी मुद्दाम भांडण लांबवलं. तू पळून गेलीस आणि तिला मी उगाच दोन बरण्या स्वस्तात देऊन बसले.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं: सहाला उठते. हो, फांदी बघताक्षणी कळते, पण चूकही होते, आणि ती पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कळत नाही. रॅकेट माळ्यावर नाही, कोठीत आहे, तिने आम्ही वटवाघळं हाकलतो. आणि मी तुझे सामने बघते. सगळे, अगदी ते एकाच कॅमेऱ्यावर दिसणारे, ज्यात आवाज नसतो आणि मधेच कुणीतरी कॅमेऱ्यासमोर येऊन उभं राहतं, तेसुद्धा. तू हात वर केलास की मित्को ओरडतो, "उतरला गं, उतरला, बिचारा उतरला!" मला कायम कुतूहल होतं, ही बाई पंचांचा असा छळ का मांडते? तर ते माझ्यामुळे! युरोपभरच्या पंचांचे गुडघे माझ्या नावावर. मी इतकी हसले की कुत्रं भुंकायला लागलं. नंतर मात्र हसू गेलं.

आता चेंडू.

वारा तुझ्या पाठीशी होता. तू मारलास तेव्हा मला वाटलं, हा गेला बाहेर. बाहेर जा, बाहेर जा, असं मी मनात ओरडत होते. मग खाली बघितलं. खूण रेघेला खेटून होती, मधे नखही गेलं नसतं, आणि रेघेला शिवला तो आत. आत होता, झोरे. आणि तरीही "बाहेर" हा शब्द माझ्या तोंडात तयार होता. खूण दिसेल इतकं जवळ कुणी नव्हतं. माझे बाबा कोर्टाबाहेर कुंपणाच्या जाळीला धरून उभे होते, त्यांनी सोफियाच्या गाडीची वेळसुद्धा विचारून ठेवली होती. तू पलीकडून काय बघणार होतीस? आणखी एक श्वास घेतला असता तर मी म्हणाले असते. म्हणून पुसली, आणि म्हणून एवढ्या घाईने. ती समोर राहिली असती तर मी तिच्याकडे बघत बसले असते आणि हळूहळू मला ती बाहेर दिसायला लागली असती.

पुढचे फटके नीट का लागले नाहीत? तुझ्यावर मेहेरबानी करायची म्हणून नाही, मी आत्ता काय करणार होते या भीतीने. तुझ्या वडिलांचा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. मी तेवढी चांगली मुलगी नव्हते. मला ती मॅच जिंकायची होती, तुझ्याहून जास्तच हवी होती. मग मी हरले, चिडले, तुझ्याशी बोलणं टाकलं. नंतर राग गेला, तोवर तू मोठी झाली होतीस आणि मला लाज वाटायला लागली. मग त्याची सवय झाली. एवढंच आहे, यापेक्षा मोठं काही नाही.

पण मला आज तुझा राग आलाय, आणि तो लिहून टाकते. बावीस वर्षं तू मला संत करून ठेवलंस आणि स्वतःला भिकारीण. एकदाही तुझ्या मनात आलं नाही का की तो फटका तुझाच होता? वाऱ्यात, मॅच पॉइंटवर, कोपऱ्यात नेमका? मी नंतर तुझे सगळे सामने बघितले, तसा फोरहँड तू फार थोड्या वेळा मारलास. मी उगाच कौतुक करत नाही. निम्मे तर तू जाळीत घातलेस, ते बघून मी उशा फेकल्या आहेत.

तेव्हा चषकावर नाव लागू दे. मुलांना काय सांगायचं ते तूच बघ, पण मेहनतीचं सांगू नकोस, ते त्यांना रोज ऐकावं लागतं. खूण कशी बघायची ते सांग. ते तुझ्याइतकं कुणाला येत नाही.

आणि आईला सांग. तिला कळलंय, झोरे. ती मागच्या आठवड्यात माझ्याकडून बरण्या घेऊन गेली तेव्हा म्हणाली, "या वर्षी जास्त दे, घरात आता दोघी आहोत." तिने पिशवीभोवतीनं किती दिवस केर काढायचा?

संत दिमितरच्या दिवशी मित्कोचा, म्हणजे आमच्या दिमितरचाच, नामदिन असतो, नावाच्या संताचा सण. नामदिनाला आपल्याकडे कुणी आमंत्रण देत नाही, ज्याला यायचं तो येतो, हे परदेशात विसरली असशील. मी आमंत्रण देणार नाहीच. कोकरू भाजणार आहोत, दार उघडं असेल, कुत्रं बांधलेलं असेल. भाषण झालं की येताना रॅकेटा घेऊन ये. तुझा गुडघा गेलाय, माझी कंबर गेलीय, पंच मिळणार नाही. चालेल.

आता तू हे पत्र खाली ठेवशील आणि मी ओळखते तुला, तुझा हात वर जाईल: नेदा खरं बोलते कशावरून? आताही माझं मन राखायला म्हणत नसेल कशावरून? उतरून बघायला खूण तर राहिली नाही. तेव्हा तुला त्या दिवशीसारखंच करावं लागेल. ज्याच्या बाजूला चेंडू पडला, त्याचा शब्द. तो माझ्या बाजूला पडला होता.

आत होता.

नेदा