गव्हाणच्या चिखलातला दोर

३ नोव्हेंबर, करंजाडे
सोलापूरहून काल सामान आलं. तिसरा मजला, वारा भरपूर, भाजीवाली गेटवरच. ऑफिसातला केतन पंखे लावून द्यायला आला. जेवून जा म्हटलं, तर पोळ्याही त्यानेच भाजल्या. अशी माणसं भेटली तर गाव परकं कसलं? रविवारी खाडीत चिंबोऱ्या पकडायला जाऊ म्हणाला. आपण खेकडा आजवर फक्त ताटात पाहिलेला. ही रोजनिशी फोनवरच लिहितोय, तिथूनही लिहीन.

५ नोव्हेंबर
वाटाड्या ठरला. बेलपाड्याचा दादू फोनवर नुसत्या बढाया मारत होता, तो बाद. गव्हाणच्या हौसाबाईंनी उलट मलाच झाडलं: बूट घालायचे नाय, आनि बांधावर दोर धरायला सोताचा मानूस आना, त्याबिगर आमी कोनाला चिखलात उतरवत नाय. बाई आवडल्या. बुकिंग पक्कं. दोर अर्थात केतन धरणार.

७ नोव्हेंबर
हौसाबाईंचा फोन. दोर कोण धरणार, त्यांनी विचारलं; मी केतनचं नाव सांगितलं. मग म्हणाल्या, त्याचा भाऊ रुपेश गेल्या साली याच चिखलात गेला, सापडला नाय. ज्याचा मानूस आत हाय त्याच्या हाती दोर देऊ नका, खाडी एक घेते तवा एक सोडते. मी केतनला सरळ विचारलं. तो हसला, रुपेश दुबईत आहे म्हणाला. मला बाईंचाच राग आला. एवढ्या जीव लावणाऱ्या माणसावर संशय घ्यायचा म्हणजे हद्द झाली.

९ नोव्हेंबर, सकाळी नऊ
कमरेला दोर बांधून उतरलोय. हौसाबाई पुढे तिवरांच्या झाडीपाशी थांबल्यात, असं केतन म्हणाला. दिसत नाहीत. चिखल मांडीपर्यंत.

साडेनऊ
बाईंना फोन केला. त्या घरीच. साहेबांनी बेत रद्द केला, असं काल केतनने त्यांना कळवलं. धावत निघते म्हणाल्या, पण अर्धा तास तरी —

खालून कुणीतरी घोटा धरलाय. बोटं मोजता येतायत.

दोर ओढला. सगळाच्या सगळा हातात आला. केतन बांधावर उभा आहे, बघत नाही माझ्याकडे. केसाने गळा कापलास रे. घरात घेतलं होतं तुला. भावासारखं —

पाणी चढतंय
त्याने पिशवीतून दुसरा दोर काढला. माझ्यासाठीच — नाही. माझ्या शेजारी टाकला, रिकाम्या चिखलावर. हाक मारतोय, रडतोय. माझं नाव नाही. रुपेश, ये म्हणतोय.

चिखलातून हात. दोर धरला

माझ्या खांद्यावर पाय देऊन तो वर —