आंबट वासाचा जोड

गुदैबिया, बहरीन
२ सप्टेंबर १९८३

ति. ताईस शंभूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार, वि. वि.

तीन महिने पत्र टाळलं, हे आधीच कबूल करतो. कागद दोनदा काढला होता. एकदा त्यावर भजी ठेवली, एकदा खोलीतल्या ताहिरला बाब अल बहरीनजवळच्या एका दुकानाचा रस्ता त्यावर काढून दिला. ते दुकानही काय आहे, सांगतो कधीतरी.

हेमचंद्रसाहेबांकडे काम बरं चाललंय. दिवसा कंपनीची गाडी, संध्याकाळी त्यांच्या गच्चीवरच्या अँटेनाची देखभाल. ज्यांच्याशी आपले बाबा गुहागरहून हॅम रेडिओवर बोलायचे, त्यांच्याच गच्चीवर मी उभा असतो. मधेच ते आठवतं आणि हातातली पक्कड तशीच राहते.

पण सध्या इथे वाईट चाललंय. साहेबांचे थोरले भाऊ पुण्यात अंथरुणाला खिळलेत. त्यांच्याकडेही सेट आहे, दर शुक्रवारी सकाळी दोघे भाऊ बोलतात. गेले चार शुक्रवार नुसती खरखर. बिल्डिंगचे नातूर, म्हणजे राखणदार, हारूनचाचा गच्चीवर मासे वाळत घालतात. त्यांच्या पायाखाली वायर येऊन बिघडली असं साहेबांना वाटतं. त्यांनी बिल्डिंगच्या मालकाला सांगितलं, मालकाने चाचांचा व्हिसा खलास केला. महिनाअखेर चाचांना परत पाठवणार. आपल्या खाडीपलीकडच्या दाभोळचे आहेत ते. बावीस वर्षं इथे काढली. मी आलो तेव्हा पहिला आठवडा त्यांनीच जेवू घातलं.

वायर मी तपासली, धड आहे. वरचा जोड, जिथे वायरचा प्लग अँटेनाला बसतो, तो उघडला नाही. गरजच नाही, जूनमध्ये मीच तो बंद केलाय. इथे पाऊस नाही म्हणतात, पण दव इतकं पडतं की सकाळी गच्ची धुतल्यासारखी, आणि तेही खारट. म्हणून बाथरूमच्या फटीत भरतात तो ट्यूबमधला सिलिकॉन सगळीकडून थापला. दिवसभर व्हिनेगरसारखा आंबट वास मारत होता, मग रबरासारखा घट्ट बसला. बाबा खूश झाले असते. मग बिघाड कुठे असेल? तू बाबांच्या हाताखाली सोल्डरिंग शिकलीस, तुला कळेल.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा,
शंभू

*

गुहागर
१४ सप्टेंबर

चि. शंभूस ताईचे अनेक आशीर्वाद.

हेही पत्र तेलकटच आलं, म्हणजे पोटाचं बरं चाललंय. इथे सगळं ठीक. बाबांचा सेट मी आठवड्यातून एकदा पुसते.

आता नीट वाच. तांब्याची घागर आपण चिंचेने का घासतो? आंबट तांब्याला खातं म्हणून. तुझ्या त्या ट्यूबचा आंबटपणा तू प्लगच्या आत कोंडलास, आणि आत सगळं तांबंच आहे. बाबांनी असली ट्यूब पाहिलीसुद्धा नव्हती, पण ॲसिड लावून सोल्डर करणाऱ्याला ते सेटला हात लावू देत नसत.

जोड उघड. हिरवं निघालं तर वायर पुढे कापून नवा प्लग बसव. जोड कोरडा असताना, उन्हात, रबरी टेप ताणून गुंडाळ. त्यावर साधी टेप, खालून वर चढवत, कौलं घालतात तशी, म्हणजे पाणी वरच्या वर ओघळेल. जोडाखाली वायरला झोळ दे.

पण हे सगळं नंतर. हिरवं दिसलं की त्याच संध्याकाळी साहेबांना सांग. तुला मी ओळखते. आधी तुला कुठेतरी जाऊन यावंसं वाटेल. जाऊ नकोस. एका माणसाचं घर त्यावर चाललंय.

आशीर्वाद आहेतच, ते वापरात ठेव.

सत्यवती

*

गुदैबिया
२९ सप्टेंबर

ति. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. शनिवारी जोड उघडला. मोराच्या मानेसारखा हिरवा होता. प्लगची मधली पिन हातातच तुटून आली.

साहेब जेवायला बसले होते. म्हटलं, उद्या सांगू. रविवारी ताहिर पिकअप घेऊन झल्लाकला निघाला होता, मीही चढलो. दोन रात्री तिथेच राहिलो, समुद्र बघत. तिथली मासे पकडायची जाळी गोल पिंजऱ्यासारखी असतात, ते जाऊ दे. मंगळवारी रात्री परत आलो तर चाचांच्या खोलीला कुलूप. दुपारच्या विमानाने गेले होते. जाताना माझ्यासाठी खालच्या दुकानात सुक्या बांगड्यांचा पुडा ठेवून गेले. खाल्ला नाही.

काल साहेबांना सांगितलं. तो प्लग त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो उचलून उजेडात धरला. मग म्हणाले, न बघता त्या माणसाचं नाव घेतलं ते मी, तू नाहीस. लगेच मालकाला फोन लावला. मालक महिनाभर जागा रिकामी ठेवायला तयार आहे, नवीन व्हिसाही काढेल, पण चाचांचं लेखी हो हवं. पत्ता कुणाकडे नाही. रजिस्टरमध्ये नुसतं दाभोळ. साहेबांनी मला काढलं नाही, तेच जास्त जड जातंय.

नवा जोड तू सांगितलास तसा केला. उद्या शुक्रवार आहे.

ताई, तरीने पलीकडे जाऊन त्यांना शोधशील का? खोटं मी बोललो नाही, पण गप्प बसलो आणि ते गेले. हे त्यांना कळायला हवं. ते तोंडावर सांगायचं धैर्य मला झालं नसतं, हेही.

मला तुझा म्हण, अजून तरी.

शंभू

*

गुहागर
१० ऑक्टोबर

चि. शंभूस आशीर्वाद.

पत्र आज दुपारी मिळालं. पहिल्यांदा वाचलं आणि तुला लिहायला बसले ते रागाने. झल्लाकच्या जाळ्यांवर दोन ओळी लिहितोस आणि

इथे थांबावं लागलं, फाटक वाजलं म्हणून. पांढरी दाढी, हातात पिशवी, ओळख दाभोळचा हारून अशी सांगितली. मुंबईला पुतण्याकडे होते, परवाच घरी पोचले. तुझी खुशाली सांगायला मुद्दाम खाडी ओलांडून आलेत. म्हणतात, पोरगा गुणी आहे, जरा भटका आहे एवढंच, मी निघालो तेव्हा कुठे गेला होता कोण जाणे, भेट राहिली. पिशवीत आपल्यासाठी खजूर आहेत.

त्यांना यातलं काहीच माहीत नाही. आत्ता ओटीवर बसलेत, चहा ठेवलाय. मराठी वाचता येत नाही म्हणाले. तेव्हा तुझं पत्र मीच त्यांना वाचून दाखवते आहे, पहिल्या ओळीपासून. एक शब्द गाळणार नाही.

ताई