भिंतीकडं तोंड केलेलं बाकडं

आबा, आज असतात तर तुम्ही नको म्हणाला असतात, तरी ते नंबर काढायचं मशीन मी आपल्या चष्म्याच्या दुकानात आणलंच. हनुवटी टेकवायची, आत रस्त्याच्या टोकाला एक फुगा दिसतो, त्याच्याकडं बघायचं, की नंबर कागदावर छापून बाहेर! "पहिली काच बरी की दुसरी?" असं तुम्ही विचारायचा आणि गिऱ्हाईक म्हणायचं, "तुमी म्हणशीला ती." आता सगळं त्या उत्तरावर अडत नाही. तुमची काचांची पेटी मी अजून उघडते, पण शेवटची खात्री करायला.

आज बिद्री गावची ती आली होती. सात वर्षांची असताना आईचं बोट धरून आलेली, तीच. त्या पौर्णिमेला तुम्ही वाडीला दर्शनाला गेला होता आणि दुकानात मी एकटी, एकोणीस वर्षांची, स्वतःला लई शहाणी समजणारी. थांबलेल्या गिऱ्हाइकांचं बाकडं तेव्हा अक्षरांच्या तक्त्यासमोरच असायचं. आधीची माणसं मोठ्यानं अक्षरं वाचत होती आणि ही पोर बसल्या बसल्या ऐकत होती. तिनं उजव्या डोळ्यानं तक्ता वाचला, मग डाव्यानंही, एक अक्षर चुकली नाही. मी "नंबर नाही" लिहून मोकळी. दोन वर्षांनी तुम्ही तपासलंत तेव्हा कळलं, डाव्या डोळ्याला तक्ता दिसतच नव्हता, तिनं सगळा पाठ म्हटला होता. तोवर तो डोळा आळशी झाला होता, चष्म्यानंही पुरता सुधारला नाही. तिच्या आईपुढं हात जोडून तुम्ही म्हणालात, "चूक माझी हाय, बाई." मी मागं काचा पुसत बसले. त्या गेल्यावर मला एवढंच म्हणालात, "ऊठ, बाकडं फिरव."

आज तिच्या मांडीवर चार वर्षांची लेक होती. अक्षरओळख नाही, तोंड उघडायला तयार नाही, असल्या पोरीला आपण काय विचारणार होतो? तिनं नुसता फुगा बघितला. उजवा डोळा ठीक, डाव्याला मोठा नंबर. तिला लगेच डोळ्याच्या डॉक्टरांकडं धाडलं. थेंब टाकून त्यांनीही तपासलं आणि संध्याकाळी दोघी त्यांचा निरोप सांगायला परत आल्या: वेळेत सापडलंय, चष्म्यानं आणि पट्टीनं डोळा सुधारेल. आबा, किती हलकं वाटलं म्हणून सांगू! त्याच भरात मी लेकीच्या आईला सांगून टाकलं, त्या दिवशी तुला आबांनी नाही, मी तपासलं होतं. ती हसली. "मला काय ठावं न्हाई व्हय? आबा वाडीला गेलते की. आईला बी ठावं हुतं, आबांच्या तोंडाकडं बघून गप बसली ती." मी विचारलं, मग लेकीला इथं का आणलीस? म्हणाली, "तुमच्याएवढं भिऊन तपासणारं दुसरं कोण हाय कोल्हापुरात?"

ही चिठ्ठी काचांच्या पेटीतच ठेवते, तुमच्या काचा पुसायच्या फडक्याखाली. मशीनपुढं पाठांतर चालत नाही, तेव्हा बाकडं सरळ करायला हरकत नाही. भिंतीकडं तोंड करून बसावं लागतं म्हणून गिऱ्हाइकं रोज कुरकुरतात. आज दुकान बंद करताना बाकडं दोन्ही हातांनी धरलंही होतं, आबा. पण तुम्ही "फिरव" म्हटल्याशिवाय हात उचलेना.