नव्या बाईच्या हातची भाकरी

माय, आज मी शिकवते त्या कॉलेजातला नव्या पोरापोरींचा स्वागत सप्ताह संपला आणि तुझी लई आठवण आली. तुला कॉलेज आतून कधी पाहायला मिळालं नाही, पण हा सगळा कार्यक्रम तुझाच आहे, हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय आज मला झोप यायची नाही.

सहकारी कारखान्याच्या हद्दीतला तो उसाचा फड मला अजून दिसतो. मी दहा वर्षांची, पाचटावर बसलेली. आपल्या ऊसतोडीच्या टोळीत एक नवी बाई आली आहे, तिनं बांधलेली उसाची मोळी उचलताच सुटते आणि मी खो खो हसते. तू कोयता खाली ठेवून माझ्याकडे येतेस. "हसतीस कावून? तू काय पोटातूनच मोळी बांधाया शिकून आलतीस?" दुपारी आपल्या कोपीपाशी, त्या पाचटाच्या खोपटापाशी, तू त्या बाईपुढे पिठाचा डबा ठेवलास. "आज समद्यांच्या भाकरी तूच थाप बाई. माझा हात दुखतोय." तुझा हात काही दुखत नव्हता. तिच्या भाकरी मात्र टम्म फुगल्या, सगळी टोळी मागून मागून जेवली, आणि दुसऱ्या दिवशी ती मोळी कशी बांधायची ते न लाजता विचारू लागली. नवं माणूस आलं की पहिल्या दिवशी त्याला जे येतं तेच करायला लावायचं, ही तुझी रीत होती.

एवढं पाहूनही स्वागत सप्ताह पहिल्यांदा माझ्याकडे आला तेव्हा मी काय केलं? सभागृहात माईक लावला आणि प्रत्येकाला इंग्रजीतून स्वतःची ओळख करून द्यायला सांगितलं. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय. चौसाळ्याकडची एक पोरगी, आईबाप दरसाल ऊसतोडीला जाणारे, उभी राहिली, दोन शब्द बोलून अडली आणि मागून कुणीतरी फिसकन हसलं. चहाच्या सुट्टीनंतर तिची खुर्ची रिकामी. अशी गेलेली पोर सहसा परत येत नाही. दिवाळी झाली की तीच हातात कोयता घेऊन टोळीबरोबर निघते. मी तडक बीडच्या स्टँडवर गेले. मांडीवर बॅग घेऊन ती बाकावर बसली होती.

समजूत घालायला तोंड उघडलं आणि तुझा तो न दुखणारा हात आठवला. ते साल दुष्काळाचं होतं. मी म्हणाले, "होस्टेलवर टँकर यायचाय. आमच्या पोरींना पाणी भरायचं कळत नाही, नुसती ढकलाढकली करतात. तुला येतं का?"

"त्यात काय येवढं, मॅडम? लहानपणापासून तेच करतोय की आमी."

"मग चल. मला तुझी गरज हाय."

त्या दुपारी तिनं टँकरचा पाईप हातात घेतला, बादल्यांची रांग लावली, स्वयंपाकाच्या मावशींचं पिंप आधी भरलं आणि सकाळी फिसकन हसलेल्या पोरीलाच रांगेवर लक्ष ठेवायला उभं केलं. थेंब सांडला नाही. मी बाजूला उभी राहून नुसती पाहत होते.

दुसऱ्या दिवशी माईक बंद. ज्याला जे येतं ते त्यानं करायचं. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, पाहुण्यांना कामाला लावता?" मी म्हणाले, "सर, पाहुणे म्हणूनच राहिले तर ते जाणारच." दिवाळी झाली, टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या, तिचे आईबाप गेले. ती गेली नाही. यंदा ती शेवटच्या वर्षाला आहे आणि अख्खा सप्ताह तिनंच चालवला. मी सवयीनं कामं वाटायला पुढे झाले तर म्हणते, "मॅडम, बसा गपचिप. आज तुमचं काम न्हाई." जिंकलो गं आपण, माय.

ती स्टँडवरच सापडेल हे तुम्हाला कसं कळलं, असं सगळे अजून विचारतात. मी हसून विषय बदलते. तुला सांगते, कारण हे पत्र कुठे जायचं नाही. मी स्वतः कॉलेजात शिकायला आले तेव्हा पहिले तीन दिवस वर्गात गेलेच नव्हते. त्याच बाकावर बसून तू बांधून दिलेली भाकरी खाल्ली, आणि संध्याकाळी घरी येऊन तुला सांगितलं, लई छान झालं.